बकलवाला पट्टा नीट कसा बांधायचा

स्लीपिंग बॅग, मॅट, टेंट सॅकच्या बाहेर बांधायचं असेल तर दोरीपेक्षा बकलचा पट्टा कधीही बरा, गाठ सोडवत बसावं लागत नाही. कॅम बकल (म्हणजे दाबायचा खटका आणि आत दात असलेलं बकल) असेल तर अंगठ्याने खटका दाबून धरायचा, पट्ट्याचं मोकळं टोक बकलच्या खालून आत घालून वर काढायचं, खटका सोडायचा आणि मग टोक ओढायचं, आतले दात पट्टा धरून ठेवतात. उलट्या बाजूने घातलात तर सरळ सटकतो, म्हणून बांधून झालं की सामानालाच एक हिसका देऊन बघा.

एका पट्ट्यावर भागवू नका, दोन लावा, नाहीतर मॅट गोल फिरत राहते. बकल कडेवर किंवा कोपऱ्यावर नको, सपाट जागी येऊ द्या.

नायलॉनचा पट्टा ओला झाला की ताणतो, त्यामुळे पावसात मध्येमध्ये परत ओढावा लागतो, पॉलिएस्टरचा त्यामानाने कमी ताणतो. गाडीच्या कॅरिअरवर बांधताना पट्ट्याला एकदोन पीळ द्या, वाऱ्यात फडफडून जो डोकं उठवणारा आवाज येतो ना तो बराच कमी होतो. उरलेलं टोक मात्र गुंडाळून खोचाच, बाईकवर तर नक्कीच, चाकात गेलं तर संपलं.