जुनी, दुर्मिळ प्रौढ चित्रपटाची कॅसेट कशी शोधावी

“नाव पाठ आहे, पण कॅसेट कुठेच मिळत नाही,” असं कुणी म्हणालं की मी आधी विचारतो, कोणतं नाव? या चित्रपटांना एकच नाव असेलच असं नाही. थिएटरात एक, कॅसेटवर दुसरं, परदेशात तिसरं, आणि कापून सौम्य केलेल्या आवृत्तीला कधी चौथंही. म्हणून नावामागे धावू नका, आवृत्ती शोधा.

एक वही घ्या. मिळतील ती सगळी नावं, कलाकारांची टोपणनावं, दिग्दर्शक, वर्ष, कॅसेट काढणारी कंपनी आणि खोक्याच्या कण्यावरचा क्रमांक लिहून काढा. इंटरनेट अ‍ॅडल्ट फिल्म डेटाबेससारख्या सूचीत पर्यायी नावं बरीच सापडतात. कंपनी आणि क्रमांक हाती आला की अर्धं काम झालं, कारण विक्रेते नाव चुकीचं लिहितात, पण क्रमांक खोक्यावरून जसाच्या तसा उतरवतात.

मग लांबी पाहा. इथे पुष्कळ जण फसतात. सेकंदाला 24 चौकटींनी चित्रित केलेला चित्रपट पाल (भारत-युरोपातली जुनी टीव्ही पद्धत) कॅसेटवर 25 चौकटींनी धावतो, म्हणजे 90 मिनिटांचा चित्रपट साधारण 86 मिनिटांत संपतो. चार मिनिटं कमी दिसली म्हणून काही कापलंच असेल असं नाही. वीस मिनिटं कमी असतील तर मात्र कात्री लागली आहे असं समजा. कॅसेट पाल की एनटीएससी (अमेरिका-जपानची टीव्ही पद्धत), हे विकत घेण्याआधी विचाराच. एनटीएससी कॅसेट फक्त पाल वाचणाऱ्या प्लेअरवर नीट दिसणार नाही. बीटामॅक्स या वेगळ्या प्रकारची कॅसेट तर व्हीएचएस प्लेअरमध्ये चालणारच नाही.

शोधायचं कुठे? ईबेने 2021 मध्ये प्रौढ साहित्याची विक्री जवळपास बंद केली, त्यामुळे आता संग्राहकांची आपसातली देवाणघेवाण, बंद पडलेल्या व्हिडिओ लायब्ररींचा माल आणि जुन्या चित्रपटांचे खास विक्रेते हेच मार्ग उरतात. त्याआधी चित्रपट डिस्कवर नव्याने आलाय का ते बघा. व्हिनेगर सिंड्रोमसारख्या कंपन्यांनी जुन्या निगेटिव्हवरून असे कितीतरी चित्रपट स्वच्छ करून काढलेत. पण 1980 च्या दशकात अनेक चित्रपट थेट व्हिडिओवरच घेतले गेले. त्यांची निगेटिव्ह कधी नव्हतीच, तेव्हा तिथे कॅसेटच शोधावी लागते.

एक गोष्ट मात्र ठाम सांगतो. काही कॅसेट दुर्मिळ आहेत कारण त्या बाजारातून काढून घेतल्या गेल्या. 1986 मध्ये अमेरिकेत एक अभिनेत्री चित्रीकरणाच्या वेळी अल्पवयीन होती हे उघडकीस आलं, आणि तिच्या कॅसेट मागे घ्याव्या लागल्या. असं काही जवळ बाळगणं हाच गुन्हा आहे. कलाकाराच्या वयाबद्दल शंका असेल तर शोध तिथेच सोडा. बाकी कॅसेटबाबतही आपल्या देशातला प्रौढ साहित्याचा आणि आयातीचा कायदा आधी पाहा. कस्टममध्ये अडकलेलं पार्सल सोडवायला जाणं कुणालाच आवडत नाही.

विक्रेत्याकडून तीन फोटो मागवा: खोक्याची मागची बाजू, कॅसेटवरची चिठ्ठी आणि खिडकीतून दिसणारी टेप. गुंडाळीच्या कडेला पांढरट भुकटी दिसली तर ती बुरशी, आणि अशी कॅसेट प्लेअरचं हेडही घाण करते. कारखान्यातून आलेल्या कॅसेटला कडेची छोटी प्लास्टिकची पट्टी (जी असली तरच कॅसेटवर रेकॉर्डिंग करता येतं) बहुधा नसते. पट्टी शाबूत आणि चिठ्ठी हाताने लिहिलेली असेल तर ती बहुतेक नक्कल. चित्राचा उजेड एकसारखा कमीजास्त होत असेल तर मॅक्रोव्हिजन (नक्कल रोखणारी यंत्रणा) असलेल्या कॅसेटवरून केलेली नक्कल असण्याचा संभव मोठा. अशा मालाला दुर्मिळाचा भाव देऊ नका.

घरी आली की लगेच लावू नका. कडेचं बटण दाबून झडप उचला, टेपवर सुरकुती किंवा डाग नाहीत ना ते पाहा. गार गाडीतून आली असेल तर खोलीत काही तास तशीच राहू द्या. मग एकदा पूर्ण पुढे, एकदा पूर्ण मागे फिरवा, आणि पहिल्याच वेळी डिजिटल प्रत करून ठेवा. नवे व्हीसीआर 2016 पासून बनत नाहीत, तुमचा किती दिवस साथ देईल सांगता येत नाही.