हंगामाच्या पहिल्या महिन्यात स्टॉपवॉच पिशवीतच राहू द्या

सुट्टी संपून संघ तलावावर परत येतो त्या सकाळी कोणी ना कोणी विचारतंच, "मॅडम, आज टाइम घेणार का?" मी नाही म्हणते. एका वर्षी हो म्हटलं होतं. पहिल्याच दिवशी सगळ्यांना १०० मीटर जीव तोडून पोहायला लावलं. आमची बटरफ्लायची सगळ्यात चांगली मुलगी सुट्टीभर पाण्यात उतरली नव्हती, तरी गेल्या हंगामातल्या स्वतःच्या वेळेपासून दीड सेकंदावर आली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या. चौथ्या दिवशी तिला हात मागे नेऊन केस बांधता येईनात. पुढचे अडीच महिने ती काठावर बसून इतरांच्या फेऱ्या मोजत होती. चूक माझी होती आणि ते बसणं मला रोज दिसत होतं.

तेव्हापासून पहिले चार आठवडे माझं स्टॉपवॉच पिशवीतून बाहेर येत नाही. हे चार आठवडे आणि त्यापुढचे दोन कसे घालवायचे ते महाविद्यालयाच्या संघाची जबाबदारी नव्याने अंगावर घेतलेल्या प्रशिक्षकांसाठी आणि कप्तानांसाठी लिहिते आहे.

आधी खांदा

सुट्टीत दम जातो आणि खांद्याची तयारीही जाते. दम लवकर परत येतो. दोन-तीन आठवडे नीट पोहलं की मुलांना वाटायला लागतं, झालो आपण पहिल्यासारखे. खांद्याच्या कंडरा मात्र इतक्या घाईने तयार होत नाहीत, कारण त्यांना स्नायूंपेक्षा रक्त कमी मिळतं. छाती म्हणते चल, खांदा म्हणतो थांब, आणि विशीतलं पोर छातीचंच ऐकतं. दुखापत होते ती याच दिवसांत.

हिशेब करून बघा. २५ मीटरला १६ वेळा हात मारावा लागतो असं धरलं, तर ५ किलोमीटरच्या सरावात ३,२०० हात होतात. म्हणजे एकेका खांद्याचे १,६०० फेरे, एका सकाळी. म्हणून गेल्या हंगामात रोज ५ किलोमीटर करणाऱ्यालाही मी पहिल्या आठवड्यात २ किलोमीटरच्या पुढे जाऊ देत नाही. मग दर आठवड्याला एका सरावामागे साधारण अर्धा किलोमीटर वाढवते. चौथ्या आठवड्यात काहीच वाढवत नाही, तो आठवडा शरीराला मुरू द्यायचा. मुलं कुरकुरतात. कुरकुरू द्या.

पाण्यात उतरण्याआधी पंधरा मिनिटं काठावर. रबर बँड घेऊन कोपर कमरेला चिकटवायचं आणि हात बाहेरच्या बाजूला फिरवायचा. कोपर आणि बरगडीच्या मध्ये छोटा टॉवेल घडी करून धरायला सांगा. टॉवेल पडला की कोपर सुटलं हे पोराला स्वतःलाच कळतं. मग पालथं झोपून हात उचलायचे, आधी वरच्या बाजूला तिरके, मग सरळ दोन्ही बाजूंना. पाठीची पाती एकमेकांकडे ओढली जातात की नुसती मान ताठते, ते बघा. मान ताठत असेल तर बँड हलका घ्या किंवा हात कमी उचला. जड वजनांची या आठवड्यात काही गरज नाही.

"दुखतंय" म्हटलं की मी एकच विचारते: बोट ठेवून दाखव. दंडावर, पाठीवर पूर्ण तळवा फिरवला, तर बहुतेक वेळा तो स्नायूंचा थकवा असतो. खांद्याच्या पुढे किंवा वर एका जागी नेमकं बोट ठेवलं, किंवा रात्री त्या कुशीवर झोपता येत नाही असं सांगितलं, तर त्या दिवसापासून हातांचं काम बंद आणि फिजिओथेरपिस्टकडे रवानगी. किकबोर्डही (हातात धरून पाय मारायची तरंगती फळी) द्यायचा नाही, कारण तो धरायला हात पुढे ताणलेले राहतात. पाठीवर झोपून, हात अंगासरशी ठेवून नुसते पाय मारायचे.

घड्याळ नाही, मग मोजायचं काय?

हात मोजायचे. २५ मीटरला तुझे किती हात पडतात, हे संघातल्या प्रत्येकाला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता आलं पाहिजे. पहिल्या दिवशीचा माझा सेट ठरलेला असतो: ५० मीटर आठ वेळा, बोलता येईल इतक्या संथ गतीने, मध्ये दहा श्वासांची विश्रांती. सेकंद मोजायचे नाहीत, श्वास मोजायचे. ज्याला धाप लागली आहे त्याचे दहा श्वास पटकन संपतात; तसं दिसलं की मी पंधरा करायला सांगते. प्रत्येक ५० नंतर हातांचा आकडा मोठ्याने सांगायचा आणि मी तो वहीत लिहिते.

दुसऱ्या आठवड्यात म्हणायचं, आता एक हात कमी कर. इथे एक चोरवाट आहे. मुलं हात पुढे टाकून नुसतीच घसरत राहतात. आकडा उतरतो पण वेग मरतो, आणि पुढचा हात पाण्यात आयता पडून राहतो. हात कमी व्हायला हवा तो पाण्यावरची पकड सुधारून. त्यासाठी मूठ आवळून ५० मीटर पोहायला लावा. मूठ बंद असली की पाणी निसटतं आणि कोपर वर ठेवून बाहूच्या पुढच्या भागाने पाणी ढकलण्यावाचून गत्यंतर राहत नाही. मग लगेच मूठ उघडून ५० मीटर. पाणी एकदम घट्ट झाल्यासारखं वाटतं. नव्या मुलाच्या चेहऱ्यावर ते उमटतं तो क्षण मला अजूनही फार आवडतो.

हात मोजण्याचा उपयोग सरावापुरता नाही. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये २०० मीटर बटरफ्लायच्या अंतिम फेरीत मायकल फेल्प्सच्या गॉगलमध्ये पाणी शिरलं. भिंत दिसत नव्हती. तो हात मोजत पोहला आणि १ मिनिट ५२.०३ सेकंदांत विश्वविक्रमासह सुवर्णपदक घेऊन बाहेर आला. आपल्या मुलांचे गॉगलही कधीतरी भरणारच. बॅकस्ट्रोक, म्हणजे पाठीवर, पोहणाऱ्यांना तर रोजच मोजावं लागतं: भिंतीपासून ५ मीटरवर टांगलेल्या झेंड्यांपासून भिंतीपर्यंत आपले किती हात, हा आकडा पक्का नसेल तर एक दिवस डोकं आपटतं. सुट्टीनंतर हा आकडा बदललेला असतो, तो पहिल्याच आठवड्यात नव्याने काढा.

भिंती

२५ मीटरच्या तलावात २०० मीटरच्या शर्यतीत सात टर्न, म्हणजे भिंतीला पाय मारून वळणं, येतात. सात वेळा फुकटचा वेग मिळतो आणि सात वेळा तो घालवताही येतो. थकलेला हात सुधारायला महिने लागतात. भिंत सोडताना तळहातावर तळहात, दंड कानांमागे, अंग बाणासारखं सरळ, एवढं तर कोणालाही आजच जमतं. पहिल्या महिन्यात मी एक गोष्ट सोडत नाही: ढिल्या अंगाने भिंत सोडली की ती फेरी पुन्हा. वॉर्मअपमध्ये सुद्धा.

फ्रीस्टाइल, बॅकस्ट्रोक आणि बटरफ्लायमध्ये स्टार्ट आणि टर्ननंतर १५ मीटरच्या आत डोकं पाण्याबाहेर यायलाच हवं. तोवर पाण्याखाली राहायची मुभा आहे, म्हणून कोणाकोणाला वाटतं की पाण्याखाली जास्त राहायची सवय केली की झालं. इथे माझा नियम कडक आहे आणि तो मी पहिल्याच दिवशी सगळ्यांना उभं करून सांगते. पाण्याखाली जाण्याआधी भराभर खोल श्वास घ्यायचे नाहीत. एकट्याने श्वास रोखायचा नाही. "कोण किती लांब जातो" अशा पैजा लावायच्या नाहीत. श्वास घ्यावासा वाटतो तो रक्तात कार्बन डायऑक्साइड साचतो म्हणून. भराभर श्वास घेऊन तो आधीच बाहेर टाकला तर ती इशाऱ्याची घंटा वाजतच नाही. ऑक्सिजन संपतो आणि माणूस काही न जाणवता पाण्याखाली बेशुद्ध पडतो. हे पट्टीच्या पोहणाऱ्यांच्या बाबतीतही होतं. म्हणून डॉल्फिन किकचा, म्हणजे पाण्याखाली दोन्ही पाय जुळवून मारायच्या किकचा, सराव आम्ही मोजक्या किकांनी करतो: प्रत्येक भिंतीवर चार, मग पाच, मग सहा, आणि वर येऊन पूर्ण श्वास.

सूर मारणाऱ्यांचं वेगळं

बऱ्याच संघांत डायव्हर तीन-चारच असतात आणि त्यांना "तुमचं तुम्ही करा" म्हणून फळीकडे पाठवलं जातं. असं करू नका. अनेक महाविद्यालयीन स्पर्धांत त्यांचे गुण संघाच्या बेरजेत धरले जातात, आणि ते धरले जात नसते तरी ती मुलं संघातलीच आहेत. काठावरची पहिली पंधरा मिनिटं आमच्याकडे सगळे एकत्र करतात.

पहिल्या आठवड्यात माझा एकही डायव्हर उंचावर चढत नाही. १० मीटरच्या प्लॅटफॉर्मवरून पाण्याला टेकेपर्यंत वेग ताशी सुमारे ५० किलोमीटर होतो. सुट्टीत मनगटं आणि पोट ढिले पडलेले असताना तो मार कशाला खायचा? आधी जमिनीवर: भिंतीला टेकून हातांवर उभं राहायचं, बरगड्या आत, पाय जुळलेले. तळहात पसरून एकावर एक पकडायचे, पाण्यात शिरताना धरतात तसे. मग तलावाच्या काठावरून नुसतं पडायचं. मग १ मीटरच्या फळीवरून साध्या उड्या, पाय आधी. स्प्रिंगबोर्डखालचं चाक कोणत्या आकड्यावर होतं तेही वहीत टिपा. ते पुढे सरकवलं की फळी कडक होते आणि मागे नेलं की मऊ. गेल्या हंगामातला आकडा आज तुमच्या मुलाच्या पायांना मानवेलच असं नाही.

दुसऱ्या आठवड्यापासून पुढे, मागे, रिव्हर्स (तोंड पाण्याकडे, कोलांटी फळीकडे), इनवर्ड (तोंड फळीकडे, कोलांटीही फळीकडे) आणि ट्विस्ट (अंगाला पीळ देऊन) या पाचही गटांतला सगळ्यात सोपा सूर, १ मीटरवरून. अवघड गट टाळायचा नाही, त्यातला अवघड सूर टाळायचा.

आणि भीती. एक मुलगा परत आला तो ४०३ सी विसरून. म्हणजे तोंड फळीकडे, उडी मागे आणि फळीच्या दिशेने गुडघे पोटाशी घेऊन दीड कोलांटी. गेल्या हंगामात त्याने हा सूर डोळे मिटून मारला असता. आता तो फळीच्या टोकावर जायचा, हात वर करायचा आणि उतरायचा. सोबतचे म्हणाले, घाबरू नको रे. त्याने काही होत नाही. घाबरणाऱ्याला आपण घाबरलोय हे ठाऊकच असतं. आम्ही एक पायरी खाली गेलो. तलावाच्या काठावरून इनवर्ड उडी, पाय आधी. मग १ मीटरवरून ४०१, अर्धी कोलांटी, दिवसाला दहा, अकरा दिवस. रोज मी फक्त एवढंच बघत होते की तो उडी वर घेतो आहे की लवकर पाण्याकडे झुकतो आहे. बाराव्या दिवशी त्याने स्वतःहून विचारलं, "मॅडम, ४०३ मारू?" मी त्याआधी एकदाही विचारलं नव्हतं.

स्पर्धेची यादी ठरवताना गुणांचा हिशेब मुलांसमोर मांडा. पाच परीक्षक असतील तर सगळ्यात वरचा आणि सगळ्यात खालचा गुण काढतात, उरलेल्या तिघांची बेरीज काठिण्यांकाने, म्हणजे सूर किती अवघड ते सांगणाऱ्या आकड्याने, गुणतात. १.६ काठिण्यांकाच्या सुराला तिघांचे सात-सात मिळाले तर ३३.६ होतात. २.२ च्या सुराला पाच-पाच मिळाले तर ३३. हे कागदावर दिसलं की अवघड सुराची हाव आपोआप निवते.

डायव्हरांना थंडी फार वाजते. पोहणारा सतत हलत असतो, हे ओल्या अंगाने रांगेत उभे असतात. प्रत्येकाकडे पाणी शोषणारं छोटं फडकं आणि अंगावर घ्यायला कोरडं काहीतरी हवंच. थंडीने आखडलेलं अंग फळीवर वेळेत गोल होत नाही.

पिशवीतून घड्याळ

पाचव्या आठवड्याच्या सुरुवातीला, विश्रांतीचा दिवस झाल्यावर लगेच, ४०० मीटर आणि पुरेसा वेळ देऊन २०० मीटर, दोन्ही पूर्ण जोर लावून. मोठ्या वेळेतून छोटी वजा करा आणि दोनाने भागा. एखाद्याचे ४०० मीटर ५ मिनिटं २० सेकंदांत आणि २०० मीटर २ मिनिटं ३० सेकंदांत झाले, तर फरक १७० सेकंद, म्हणजे दर १०० मीटरला १ मिनिट २५ सेकंद. ही त्याला बराच वेळ टिकवता येईल अशी गती, आणि पुढच्या दोन आठवड्यांचे लांब सेट याच गतीने. शेजारच्या लेनमधल्याची गती त्याची नाही. हे दोघांनाही सांगा.

रिले सहाव्या आठवड्यात. येणाऱ्याचा हात भिंतीला लागण्याआधी जाणाऱ्याचे पाय ठोकळ्यावरून सुटले तर संपूर्ण संघ बाद होतो. म्हणून जोड्या आत्ताच ठरवा आणि त्या जोडीने एकमेकांचे शेवटचे पाच मीटर रोज बघायचे.

बाकी छोट्या गोष्टी: पाण्यात घाम आलेला कळत नाही, म्हणून प्रत्येकाची पाण्याची बाटली लेनच्या टोकाला असू द्या. उतरण्याआधी साबण लावून अंघोळ सगळ्यांनी करायची. डोळे झोंबतात ते नुसत्या क्लोरीनने नाही, घाम आणि लघवीशी त्याचा संयोग होऊन जे तयार होतं त्याने. परीक्षेच्या आठवड्यात पहाटेचा सराव ऐच्छिक ठेवा, झोप बुडवून आलेल्याला परत पाठवा.

चाचणीच्या दिवशी वही उघडून प्रत्येकाच्या वेळेशेजारी त्याचे २५ मीटरचे हात लिहा. पहिल्या दिवशी १९ होते आणि आज १६ असतील, तर वेळ गेल्या वर्षीपेक्षा दोन सेकंद जास्त असली तरी मी त्या मुलाला हातांचा आकडा आधी दाखवते.