आई-वडिलांचा मेडिक्लेम आणि औषधांची बिलं : या चुका टाळा

बीपी, शुगर, थायरॉईड, रक्त पातळ करायची गोळी. साठीनंतर घरात दर महिन्याला औषधांचं मोठं बिल येतं आणि मेडिक्लेम आहे म्हणजे ते निघेल, असं अनेकजण धरून चालतात. ते निघत नाही. आपल्याकडची नेहमीची पॉलिसी हॉस्पिटलात दाखल होण्याशी बांधलेली असते. ॲडमिट असतानाची औषधं, आणि त्याच आजारासाठी आधी व नंतर ठरावीक दिवस घेतलेली औषधं, एवढंच त्यात बसतं. बऱ्याच पॉलिसींत हे दिवस आधीचे ३० आणि डिस्चार्जनंतरचे ६० असतात. तुमच्या पॉलिसीत किती आहेत, हे आजच बघून ठेवा.

सगळ्यात जास्त पैसे बुडतात ते या डिस्चार्जनंतरच्या दिवसांत. मुलगा घाईत मेडिकलमध्ये जातो, व्हॉट्सॲपवरचा चिठ्ठीचा फोटो दाखवतो आणि औषधं घेऊन येतो. बिलावर पेशंटचं नाव नसतं, किंवा मुलाचंच असतं. डॉक्टरांचं नाव नाही, बॅच नंबर नाही. क्लेमला असं बिल जोडलं की हमखास अडतं. पेशंटचं पूर्ण नाव आणि डॉक्टरांचं नाव असलेलं छापील बिल दुकानातच मागून घ्या. बिलातलं प्रत्येक औषध डिस्चार्ज कार्डावर किंवा नंतरच्या चिठ्ठीवर असायला हवं. दुकानदाराने त्याच घटकाची दुसऱ्या कंपनीची गोळी दिली, तर पुढच्या तपासणीत डॉक्टरांकडून ती चिठ्ठीवर लिहून घ्या. एकाच बिलात आईच्या हृदयाच्या गोळ्या आणि वडिलांचं खोकल्याचं औषध नको.

दुसरी चूक पॉलिसी घेतानाच होते. 'बीपी लिहू नका, प्रीमियम वाढेल,' असा सल्ला देणारे भेटतात. अजिबात ऐकू नका. ॲडमिट करताना डॉक्टर विचारतात, आई सरळ सांगते की दहा वर्षांपासून गोळ्या चालू आहेत, आणि ते केसपेपरवर जातं. मग क्लेम नाकारला जातो, कधी पॉलिसीही रद्द होते. खरं सांगितलं तर आधीच्या आजारांसाठीचा वेटिंग पीरियड, म्हणजे त्या आजारांचा क्लेम मिळण्याआधी थांबायचा काळ, २०२४ च्या नियमांनुसार जास्तीत जास्त ३६ महिन्यांचा आहे. आधीपासून चालू असलेली सगळी औषधं फॉर्मवर लिहा आणि फॉर्मची प्रत ठेवा. को-पेमेंटही तेव्हाच विचारा. ज्येष्ठांच्या पॉलिसीत २० टक्के असेल, तर प्रत्येक मंजूर क्लेममधला तेवढा वाटा तुमचा.

ओपीडी कव्हर, म्हणजे ॲडमिट न होता घेतलेल्या उपचारांचा विमा, घेताना त्यात औषधं आहेत की फक्त डॉक्टरांची फी, हे लेखी बघा. जादा प्रीमियम आणि वर्षाची मर्यादा यांत फारसा फरक नसेल, तर माझ्या मते ते घेऊ नये. तेच पैसे बाजूला ठेवावेत, आणि डॉक्टरांना विचारून जनऔषधी केंद्रातली जेनेरिक औषधं सुरू करावीत.

उलट, काही औषधं ओपीडीतली समजून लोक क्लेमच करत नाहीत. कॅन्सरच्या तोंडाने घ्यायच्या केमोथेरपीच्या गोळ्या, डोळ्याच्या पडद्यासाठीची इंजेक्शनं हे आता पॉलिसीत येतं. मर्यादा असू शकते, पण विचारल्याशिवाय सोडू नका.

सत्तरी ओलांडलेल्यांसाठी सरकारी आरोग्य विम्याचं आयुष्मान वय वंदना कार्ड आहे : उत्पन्नाची अट नाही, कुटुंबाला वर्षाला ५ लाखांचं संरक्षण, खासगी मेडिक्लेम असला तरी चालतं. त्यातही रोजच्या गोळ्या नाहीत. डिस्चार्जनंतर १५ दिवसांची औषधं मात्र आहेत.

क्लेममधून पैसे कापले गेले, तर कपातीचा तपशील ओळ न् ओळ वाचा. मर्यादेपेक्षा महाग खोली घेतली की इतर खर्च प्रमाणात कापतात, पण औषधं, इम्प्लांट आणि तपासण्यांना ही कपात लागू होत नाही. असे प्रमाणात कापले जाणारे खर्च म्हणजे 'असोसिएटेड मेडिकल एक्स्पेन्सेस', आणि त्यांची व्याख्या पॉलिसीतच दिलेली असते. तिचा हवाला देऊन कंपनीच्या तक्रार विभागाला ईमेल करा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालांकडे जा. मुंबईत आणि पुण्यात त्यांची कार्यालयं आहेत. तक्रार वर्षभराच्या आत करावी लागते. फी नाही आणि वकीलही लागत नाही.