बेळगाव-निपाणी भागात जुना टेलिस्कोप घ्यायचा असेल तर

टेलिस्कोप घ्यायचाय, बजेट कमी आहे, कुठला घेऊ, असे मेसेज पाऊस संपला की सुरू होतात आणि माझं उत्तर ठरलेलं असतं, जुना घ्या. नव्या स्वस्त टेलिस्कोपच्या पैशात जुना चांगला टेलिस्कोप येतो, एवढं साधं गणित आहे. आतला आरसा नीट ठेवला असेल तर वीस वर्षांनीही शनीची कडी तशीच दाखवतो, मोबाईलसारखं दोन वर्षांत जुनं व्हायचं त्यात काही नसतं. पण जुना म्हणजे बघून घ्यायचा, आणि बघून म्हणजे हातात घेऊन, डोळा लावून, जमलं तर ताऱ्यावर. फोटो बघून पैसे पाठवायचे नाहीत.

आधी मिळतो कुठं ते बघू. बेळगावात, खानापुरात, चिकोडीत टेलिस्कोपचं सेकंडहँड मार्केट असं काही नाही, कधीतरी ओएलएक्सवर एखादा दिसतो आणि तो बहुतेक वेळा मुलाला वाढदिवसाला घेतलेला आणि माळ्यावर पडलेला असतो. पण आपण बरोबर मधे बसलोय की. वर पुणं साडेतीनशे किलोमीटरच्या आत, खाली बेंगळुरू पाचशेच्या आसपास, आणि दोन्हीकडं आकाश बघणाऱ्यांची मोठी मंडळी आहेत. पुण्यात ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून आहे, मुंबईत खगोल मंडळ आहे, बेंगळुरूत बँगलोर अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटी आहे, आणि अशा संस्थांच्या आजूबाजूला जमलेले व्हॉट्सअ‍ॅप, टेलिग्राम, फेसबुकचे ग्रुप असतात तिथं खरा माल फिरतो. बेंगळुरूत आयटीवाले मोठा टेलिस्कोप घेतात, मग परदेशी जायचं ठरतं किंवा फ्लॅट लहान पडतो आणि विकायला काढतात, असे टेलिस्कोप सहसा स्वच्छ ठेवलेले असतात. पुण्याकडच्या ग्रुपवर मराठीत बोला, बेंगळुरूच्या ग्रुपवर दोन वाक्यं कन्नडमधून टाका, आपल्याला दोन्ही येतंय त्याचा इथं खरंच उपयोग होतो, समोरचा माणूस मोकळा होतो आणि खरं सांगतो.

ग्रुपमधे गेल्या गेल्या 'रेट काय' असं विचारू नका. थोडे दिवस नुसतं वाचा, कोण नेहमी विकतंय, कुणाबद्दल लोक चांगलं बोलतात, कुठली वस्तू किती दिवस पडून राहते ते कळतं. मग 'पाहिजे' म्हणून एक नीट पोस्ट टाका, काय हवंय, बजेट किती, मी बेळगावात राहतो, कोल्हापूर किंवा हुबळीपर्यंत येऊ शकतो, असं स्पष्ट. नुसतं 'चांगला टेलिस्कोप पाहिजे' लिहिलं तर कुणी उत्तर देत नाही.

काय घ्यायचं यावर वाद होतात पण पहिल्यांदा घेणाऱ्याला मी सहा किंवा आठ इंची डॉबच सांगतो, म्हणजे साध्या लाकडी बेसवर हातानं फिरवायचा आरशाचा टेलिस्कोप (डॉब्सोनियन). आठ इंची म्हणजे २०३ मिमीचा आरसा, फोकल लेंथ, म्हणजे आरशापासून चित्र जमतं तिथपर्यंतचं अंतर, बहुतेक १२०० मिमी, मोटर नाही, वायर नाही, त्यामुळे बिघडायला काहीच नाही आणि जुना घेताना हीच सगळ्यात मोठी गोष्ट आहे. जाहिरातीत ६७५ पट दिसतं वगैरे लिहिलं असेल तर पुढं वाचू नका, कामाचं मॅग्निफिकेशन साधारण दर मिलिमीटर व्यासाला दोन पट, म्हणजे ७० मिमीच्या टेलिस्कोपला १४० च्या आसपास. नळी अर्धा मीटरची आणि त्यावर लिहिलंय फोकल लेंथ १००० मिमी, असा आरशाचा टेलिस्कोप दिसला तर फोकसरमधे, म्हणजे चित्र स्पष्ट करायच्या सरकत्या नळीत, एक भिंग बसवून लांबी वाढवलेली असते, स्वस्तातले असे टेलिस्कोप कोलिमेट करायला, म्हणजे आरसे एका रेषेत जुळवायला, फार त्रास देतात, ते सोडून द्या. आयपीसचा, म्हणजे डोळा लावायच्या भिंगाच्या नळीचा, व्यास पट्टीनं मोजायला सांगा, सव्वा इंची म्हणजे ३१.७ मिमी असेल तर ठीक, २४.५ मिमी निघाला तर तो जुन्या मापाचा, त्याला आता चांगले आयपीस मिळणं अवघड. आणि जुन्या डब्यात आयपीसला मागून लावायचा 'सन' लिहिलेला काळा छोटा फिल्टर निघाला तर तो घरी आल्या आल्या फोडून टाका, पोरांच्या हाताला लागू देऊ नका. सगळा सूर्य त्या एका काचेवर गोळा होतो, ती तापून तडकते आणि डोळा जातो. सूर्य बघायचा तर फिल्टर नळीच्या पुढच्या तोंडावरच हवा, तोही खास सूर्यासाठी बनवलेला.

आता आपल्या भागाची गोष्ट, ती बाहेरच्या गाईडमधे मिळणार नाही. आपल्याकडं पाऊस. बेळगाव शहरात चार महिने ओल, खानापूर तालुक्यात त्याहून जास्त आणि जांबोटी-कणकुंबीकडं तर विचारूच नका, त्यामुळे काचेवर बुरशी हा इथला पहिला शत्रू आहे. अथणी-रायबागकडं पाऊस कमी, तिथला टेलिस्कोप धुळीनं भरलेला असेल पण बुरशी कमी सापडेल, आणि धूळ परवडली. म्हणून विकणाऱ्याला पहिला प्रश्न, पावसाळ्यात कुठं ठेवला होता? कपाटात, सिलिका जेल घालून, असं उत्तर आलं तर माणूस जाणकार आहे. गोदरेजच्या कपाटावर प्लास्टिकमधे गुंडाळून म्हणाला तर टॉर्च घेऊनच जा, प्लास्टिकमधे ओल आतच अडकते. मे-जूनमधे लोक 'आता चार महिने बघणं नाही' म्हणून विकायला काढतात, रेट उतरतो, पण तेव्हा ढगांमुळं ताऱ्यावर टेस्ट करता येत नाही. दिवाळीनंतर रेट चढतो पण आकाश स्वच्छ असतं. मी दिवाळीनंतरचा सौदा बरा म्हणतो, दोन पैसे जास्त गेले तरी.

बघायला जाताना टॉर्च, एक आपल्या ओळखीचा चांगला आयपीस आणि शक्य असेल तर ग्रुपमधला एखादा जुना माणूस बरोबर न्या. टॉर्च आरशावर तिरकी मारा. टॉर्चमधे कुठलाही आरसा भयानक दिसतो, नवासुद्धा, त्याला घाबरू नका, थोडी धूळ असली तरी चित्रात काही फरक पडत नाही. बघायचं ते कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे आहेत का, कडेला पांढुरके डाग आहेत का, पुसल्याचे गोल गोल ओरखडे आहेत का. ओरखडे म्हणजे कुणीतरी कोरड्या फडक्यानं घासलाय, ते जात नाही. हलकी बुरशी निघू शकते, पण तिनं कोटिंग, म्हणजे आरशावरचा चकाकता थर, खाल्लं असेल तर डाग राहणारच, त्याप्रमाणे रेट पाडा. भिंगाच्या टेलिस्कोपमधे दोन भिंगांच्या मधे बुरशी असेल तर मी सरळ नाही म्हणतो, आणि श्मिट-कॅसेग्रेनमधे, म्हणजे आखूड नळीच्या, आरसा आणि पुढं काच असलेल्या टेलिस्कोपमधे, पुढच्या काचेच्या आतल्या बाजूला असेल तरी तसंच, कारण ते उघडून परत बरोबर बसवणं सगळ्यांचं काम नाही.

मग ताऱ्याची टेस्ट, ही चुकवू नका. टेलिस्कोप अंगणात किंवा गच्चीवर अर्धा-पाऊण तास ठेवा, आरसा बाहेरच्या हवेइतका थंड होऊ दे. इंटरनेटवर सगळे सांगतात ध्रुवतारा घ्या, तो हलत नाही, पण ते वरच्या देशांतल्या लोकांसाठी. आपल्याकडं ध्रुव क्षितिजापासून फक्त १६ अंशांवर असतो, तिथली हवा उकळत असते आणि चांगला टेलिस्कोपही वाईट दिसतो. डोक्याच्या जवळ असलेला मध्यम तेजाचा तारा घ्या, नळी हळूहळू सरकवत राहा. दीडशे-दोनशे पटीवर तारा मधोमध आणा, फोकस थोडा आत घ्या, मग थोडा बाहेर. दोन्हीकडं गोल वर्तुळं दिसली, एकात एक, तर आरसा चांगला. मधली काळी सावली एका बाजूला सरकलेली असेल तर ते फक्त कोलिमेशन, प्रवासात हलतं, स्क्रू फिरवून दहा मिनिटांत होतं, त्यासाठी सौदा सोडू नका. वर्तुळं त्रिकोणी दिसली तर आरशाच्या क्लिपा आवळल्यात, ढिल्या करून परत बघा. पण आतल्या बाजूला अंडाकृती उभी आणि बाहेर गेल्यावर आडवी होत असेल तर तो काचेचा दोष असू शकतो. आधी मान तिरकी करून बघा, आयपीस फिरवून बघा, अंडाकृती तुमच्या मानेबरोबर फिरली तर दोष तुमच्या डोळ्याचा, आयपीसबरोबर फिरली तर आयपीसचा. तशीच राहिली तर आणि क्लिपा ढिल्या करूनही गेली नाही तर घेऊ नका. दिवसाच जायची वेळ आली तर सूर्याकडं पाठ करून लांबच्या विजेच्या टॉवरचा इन्सुलेटर बघा, त्यावरचा चमकणारा ठिपका ताऱ्याचं काम बऱ्यापैकी करतो.

माउंटकडं, म्हणजे नळी धरणाऱ्या स्टँडकडं, लोक लक्षच देत नाहीत. नळीला हलकी टिचकी मारा, चित्र दोन-तीन सेकंदांत थांबलं पाहिजे. गो-टू, म्हणजे मोटरनं स्वतः तारा शोधणारा, असेल तर घरच्या सॉकेटवर नुसतं चालू करून दाखवलेलं चालत नाही, १२ व्होल्टवर वीस मिनिटं चालवा, चारही बटणं दाबा, आवाज ऐका, हँडसेटची स्क्रीन पूर्ण दिसते का बघा. इक्वेटोरियल, म्हणजे एक अक्ष ध्रुवाकडं रोखून ठेवायचा माउंट, असेल तर त्याचा तो अक्ष १६ अंशांपर्यंत खाली येतो का हे विचारा, काही माउंट २० च्या खाली येत नाहीत आणि काहींमधे वजनाचा दांडा ट्रायपॉडच्या पायाला लागतो. मीड आणि ओरायन या अमेरिकन कंपन्यांचं काम २०२४ मधे बंद पडलं, त्यांच्या नळ्या डोळे झाकून घ्या म्हणणार नाही पण काचेत खोट नसेल तर हरकत नाही, इलेक्ट्रॉनिक्सवाले मात्र स्पेअर मिळणार नाही हे धरूनच रेट लावा.

एक गोष्ट आपल्याकडं आहे जी पुण्या-मुंबईतल्या लोकांनाही इतकी सहज मिळत नाही, बेळगावची औद्योगिक वसाहत उद्यमबाग. काउंटरवेट (तोल साधायचं वजन) हरवलंय, अ‍ॅडॅप्टर नाही, डॉबचा बोल्ट तुटलाय, अशी वस्तू स्वस्तात मिळते आणि आपल्याकडं फाउंड्री आणि लेथवाले गल्लीगल्लीत आहेत. नमुना आणि माप नीट न्या, कॅमेऱ्याच्या टी-थ्रेडला (कॅमेरा टेलिस्कोपला जोडायचा आटा) ४२ मिमी आणि पिच, म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर, ०.७५ मिमी असं कागदावर लिहून द्या, नुसतं तोंडी सांगू नका कारण एक मिमी पिचचा आटा पाडून मिळतो आणि मग बसत नाही. आरसा मात्र आरशाच्या दुकानात कधी नेऊ नका, टेलिस्कोपच्या आरशाला पुढच्या बाजूला अ‍ॅल्युमिनियमचा थर असतो, तो व्हॅक्यूममधे बसवतात, घरच्या आरशासारखा मागून लेप नसतो.

रेटबद्दल, सगळं तपासून चांगलं निघालेलं असेल तर आजच्या नव्या किमतीच्या साठ टक्क्यांच्या आसपास मला योग्य वाटतं. घासाघीस करा पण दोष दाखवून करा, उगाच निम्म्यावर आणून माणसाचा अपमान करू नका, हे जग लहान आहे, पुढच्या वर्षी त्याच्याकडूनच आयपीस घ्यायचा असतो.

फसवणुकीचं नीट वाचा. जाहिरातींच्या साइटवर 'मी आर्मीमधे आहे, बदली झाली, सामान विकायचंय' असं सांगून पैसे उकळायचा प्रकार देशभर चालतो आणि आपल्याकडं तो जास्त खरा वाटतो कारण बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीचं सेंटर आहे, कॅम्प आहे, आपल्या प्रत्येकाच्या घरात नाहीतर शेजारी कुणीतरी फौजी असतोय. आयकार्डाचा फोटो पाठवतात, गणवेशातला फोटो पाठवतात, मग गेट पासचे, कुरियरचे म्हणून आधी थोडे पैसे मागतात. खरा विकणारा असेल तर म्हणा, येतो बघायला. दुसरं, विकताना पैसे घ्यायला यूपीआय पिन कधीच टाकावा लागत नाही, क्यूआर स्कॅन करा म्हणजे पैसे येतील म्हणणारा चोर आहे. गेलेच पैसे तर लाजत बसू नका, लगेच १९३० ला, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन करा, जितक्या लवकर कराल तितकी रक्कम अडवता यायची शक्यता जास्त. लांबच्या माणसाकडून घ्यावंच लागलं तर व्हिडिओ कॉलवर त्या दिवशीची तारीख कागदावर लिहून टेलिस्कोपसमोर धरायला सांगा आणि ग्रुपच्या अ‍ॅडमिनला विचारा हा माणूस कुणाच्या ओळखीचा आहे का.

आणायचा कसा? शक्यतो स्वतः. कोल्हापूरचा विकणारा असेल तर निपाणीत भेटा, दोघांनाही बरं पडतं. एसटीनं जाणार असाल तर आधी बातम्या बघा, सीमाप्रश्न तापला की गाड्या थांबतात, डिसेंबर २०२२ मधे आणि फेब्रुवारी २०२५ मधे थांबल्या होत्या, तेवढ्यासाठी सौदा मोडू नये, विकणाऱ्याला आठवडाभर थांबा म्हणून सांगावं. बेंगळुरूहून राणी चन्नम्मा एक्सप्रेसनं आणता येतो, आठ इंची डॉबची नळी सव्वा मीटरची असते, बर्थखाली जाईल का ते आधी मोजा, लाकडी बेस सोडवून सपाट करता येतो. पार्सलनंच पाठवायचं असेल तर मोठा आरसा सेलमधून, म्हणजे त्याच्या बैठकीतून, काढून वेगळ्या डब्यात, सगळ्या बाजूंनी फोम, आणि काढण्याआधी नळीवर आणि सेलवर मार्करची खूण, म्हणजे परत त्याच जागी बसेल. बाहेर 'नाजूक' लिहून काही होत नाही, डबा कमरेएवढ्या उंचीवरून पडला तरी टिकेल असं पॅकिंग करा.

उद्या तुम्हीच विकणार तेव्हा फोटो दिवसाउजेडी काढा, आरशाचा तिरक्या टॉर्चमधला एक फोटो टाकाच, काय नाही ते आधी लिहा, गाव लिहा, रेट लिहा, 'डीएम करा' नको. बिल असेल तर द्या, पावसाळ्यात कुठं ठेवला होता ते स्वतःहून सांगा. घेणारा आला की घाई करू नका, त्याला तारा बघू दे, नवखा असेल तर कोलिमेशन कसं करायचं ते एकदा करून दाखवा. आणि विकला गेला की पोस्टवर त्याच दिवशी 'विकला' असं लिहा, अथणीहून कुणीतरी गाडी भाड्यानं घेऊन निघायच्या तयारीत असतो.