रिव्हायव्हलमधून समाजसुधारणा कशी झाली, हा धागा कसा शोधायचा

रिव्हायव्हल म्हणजे एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत प्रवचनांच्या सभांमधून उसळलेली ख्रिस्ती धर्मजागृतीची लाट. "धर्मजागृती झाली आणि समाज सुधारला" हे वाक्य नोट्समध्ये असेल तर आधी खोडा, त्यातून कुणालाच काही कळत नाही. एक गाव धरा आणि तिथून सुरुवात करा. मी तरी रोचेस्टर धरेन, न्यूयॉर्क राज्यातलं. 1825 ला एरी कालवा पूर्ण झाला, पिठाच्या गिरण्या वाढल्या, कामाला बाहेरून तरुण पोरं आली, दारू तर विचारूच नका, आणि सप्टेंबर 1830 मध्ये तिथं रिव्हायव्हलचा प्रवचनकार चार्ल्स फिनी आला. हा आधी वकिली करायचा, त्यामुळे प्रवचनसुद्धा ज्युरीपुढे केस मांडल्यासारखं.

मग बघा की तो नेमकं सांगत काय होता. जुनी कॅल्विनवादी (एका प्रोटेस्टंट परंपरेची) शिकवण अशी की कुणाला तारायचं ते देवाने आधीच ठरवलंय. फिनी म्हणायचा पाप तुम्ही निवडता, म्हणजे सोडणंही तुमच्याच हातात, आणि तेही आत्ता. सगळी मेख या "आत्ता"मध्ये आहे, कारण दारू पाप असेल तर ती आजच बंद, आणि गुलामगिरी पाप असेल तर "हळूहळू बघू" म्हणायला जागाच उरत नाही.

यानंतर माणसांचा माग काढा, इथं खरी मजा येते. थिओडोर वेल्ड हा फिनीच्या प्रभावाखाली आलेला तरुण. 1834 मध्ये सिनसिनाटीच्या लेन सेमिनरीत (धर्मोपदेशक घडवणारं कॉलेज) त्याने विद्यार्थ्यांना घेऊन गुलामगिरीवर अनेक रात्री चर्चा घडवल्या, विश्वस्तांनी बंदी घातली, तर बहुतेक पोरं कॉलेज सोडून गेली आणि त्यातली बरीच ओहायोतल्याच ओबरलिन कॉलेजला पोचली. तिथं पैसा न्यूयॉर्कचे गुलामगिरीविरोधी व्यापारी टॅपन बंधूंचा, शिकवायला खुद्द फिनी, 1835 ला कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना प्रवेश, 1837 ला पदवीच्या वर्गात मुली. आणि वेल्ड पुढे ओहायोत गावोगाव गुलामगिरीविरुद्ध बोलत फिरला तो रिव्हायव्हलच्याच पद्धतीने, शेवटी लोकांना उभं राहून आपली बाजू जाहीर करायला लावायचा.

आता उलटी बाजू तपासा, ही पायरी लोक हमखास गाळतात. रिव्हायव्हल दक्षिणेतही जोरात झाले, तिथं गुलामगिरी तशीच राहिली, उलट याच प्रश्नावर 1844 ला मेथॉडिस्ट आणि 1845 ला बॅप्टिस्ट हे प्रोटेस्टंट पंथ उत्तर-दक्षिण असे फुटले. खुद्द फिनीला आधी आत्मे तारायचे होते, गुलामगिरीचं काम त्याच्या मागून. माझं मत विचाराल तर नुसता उत्साह पुरत नाही, तो कुठल्या गावात, कुणाच्या पैशावर आणि कुणाच्या हिताआड येतो हे बघावंच लागतं.

शेवटी आपल्याकडे या. याच लाटेतून 1810 ला परदेशात मिशनरी पाठवणारी संस्था, अमेरिकन बोर्ड, निघाली, तिचे मिशनरी 1813 ला मुंबईत उतरले आणि 1827 ला मिस सिंथिया फरार आल्या. त्यांची नगरची मुलींची शाळा जोतीरावांनी पाहिली आणि 1848 मध्ये पुण्यात स्वतःची काढली. 1873 ची 'गुलामगिरी' तर त्यांनी गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना अर्पण केली. पण म्हणून फुल्यांना मिशनऱ्यांच्या खात्यात टाकू नका, त्यांनी थॉमस पेनही वाचला होता, आणि पेन म्हणजे धर्मसंस्थेवर टीका करणारा लेखक, चर्चवाल्यांचा अगदी नावडता माणूस. तेव्हा फरारबाई आणि पेन, दोघांनाही त्याच पानावर जागा द्या.