आकाश सर्वेक्षणांच्या नोंदींतून बदलता प्रकाशबिंदू कसा ओळखावा

रात्रीचे आकाश आपोआप टिपत राहणाऱ्या रोबोटिक दुर्बिणींच्या नोंदी आज कोणालाही विनामूल्य पाहता येतात. पॅलोमार पर्वतावरची झ्विकी ट्रान्झियंट फॅसिलिटी, म्हणजेच झेडटीएफ, २०१८ पासून एका छायाचित्रात सुमारे ४७ चौरस अंशांचे आकाश टिपत आहे. हवाई, चिली आणि दक्षिण आफ्रिका येथील ॲटलास दुर्बिणी मुळात पृथ्वीकडे येणारे लघुग्रह शोधण्यासाठी उभारल्या गेल्या, परंतु त्यांच्या छायाचित्रांत अतिनवतारेही (स्फोट होऊन उजळलेले तारे) मोठ्या संख्येने सापडतात. चिलीतील व्हेरा रुबिन वेधशाळेची दुर्बीण तर ८.४ मीटर व्यासाची आहे. या सर्वांची मूळ पद्धत एकच आहे: आजच्या छायाचित्रातून त्याच भागाचे जुने संदर्भचित्र वजा करायचे आणि जे उरेल त्याची सूचना, म्हणजे अलर्ट, प्रसिद्ध करायची. उरलेला बिंदू काय आहे हे ठरवताना तो आज किती तेजस्वी आहे यापेक्षा तो काल, गेल्या महिन्यात आणि गेल्या वर्षी कसा होता याला अधिक महत्त्व द्यावे, आणि पुढील कृतीचा क्रमही याच विचाराने लावला आहे.

प्रथम सर्वेक्षणाची निवड करावी. झेडटीएफ ३० सेकंदांच्या छायाचित्रात साधारण २०.५ प्रतीपर्यंत (प्रत म्हणजे तेजस्वितेचे माप) पोहोचते, ॲटलास १९.५ च्या आसपास, तर लहान भिंगांची ॲसॅसिन यंत्रणा सुमारे १८ पर्यंत. प्रतीचा आकडा जितका मोठा तितका बिंदू मंद, हे येथे लक्षात असू द्यावे. सर्वांत खोल पाहणारे सर्वेक्षण सर्वांत चांगले, असे मात्र समजू नये. साधारण १३ प्रतीपेक्षा तेजस्वी तारा झेडटीएफच्या कॅमेऱ्यात संपृक्त होऊ लागतो, म्हणजे त्याचा प्रकाश कॅमेऱ्याच्या मोजण्याच्या मर्यादेपलीकडे जातो, आणि त्याचे मापन विश्वासार्ह राहत नाही. अशा ताऱ्यासाठी ॲसॅसिन अधिक उपयोगी ठरते. उलट ॲसॅसिनचा एक पिक्सेल आकाशातल्या ८ विकलांएवढा (विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) असल्यामुळे दाट तारकाक्षेत्रात शेजारच्या ताऱ्याचा प्रकाश मापनात मिसळतो.

झेडटीएफच्या सूचना लसेर, अलर्से, फिंक यांसारख्या ब्रोकर, म्हणजे सूचना गोळा करून वर्गवारीने दाखवणाऱ्या, संकेतस्थळांवर पाहाव्यात. प्रत्येक सूचनेसोबत तीन लहान चित्रे असतात: नवे छायाचित्र, संदर्भचित्र आणि वजाबाकी. आकड्यांकडे वळण्यापूर्वी ही चित्रे नीट पाहावीत. वजाबाकीत अर्धा पांढरा आणि अर्धा काळा ठिपका दिसला, तर बहुधा दोन चित्रांची जुळणी किंचित चुकलेली असते. विश्वकिरणाचा डाग ताऱ्याच्या ठिपक्यापेक्षा टोकदार असतो. उपग्रहाची रेघ सहज ओळखू येते. तेजस्वी ताऱ्याभोवतीचे कंगोरे मात्र सरावलेल्या नजरेलाही चकवतात. खरे-खोटेपणाचा ० ते १ मधला यांत्रिक गुणांक सूचनेत दिलेला असतो. तो चाळणी म्हणून वापरावा, निर्णय म्हणून नव्हे.

त्यानंतर लघुग्रहाची शक्यता दूर करावी. संदर्भचित्रात त्या जागी काहीही नसेल, बिंदू एकदाच दिसला असेल आणि ती जागा आयनिकवृत्ताजवळ (आकाशातील सूर्याच्या वार्षिक मार्गाजवळ) असेल, तर तो लघुग्रह असण्याचा संभव मोठा असतो. सूचनेत जवळच्या ज्ञात लघुग्रहाचे नाव आणि अंतर नोंदलेले असते, ते पाहावे. ॲटलास एकाच भागाची साधारण तासाभरात चार छायाचित्रे घेते ती याचसाठी: त्या अवधीत लघुग्रह सरकतो, तारा सरकत नाही.

यापुढचा मुद्दा सर्वाधिक गोंधळाचा आहे. सूचनेतील प्रत ही वस्तूच्या एकूण प्रकाशाची नसून वजाबाकीनंतर उरलेल्या प्रकाशाची असते. रिकाम्या जागी उगवलेल्या अतिनवताऱ्याच्या बाबतीत दोन्ही एकच. पण आधीपासून दिसणाऱ्या रूपविकारी, म्हणजे तेज बदलत राहणाऱ्या, ताऱ्याच्या बाबतीत तीच प्रत थेट आलेखावर मांडली तर आलेख निरर्थक होतो. अशा वेळी संदर्भचित्रातील प्रकाश मिळवून काढलेली दुरुस्त प्रत घ्यावी, जी अलर्से स्वतंत्रपणे दाखवते. फरक ऋण असेल तर तारा संदर्भचित्राच्या काळापेक्षा मंद झाला आहे, एवढाच त्याचा अर्थ. नोंद चुकीची आहे असा नव्हे.

आता वस्तूचा इतिहास मिळवावा. ॲटलासच्या संकेतस्थळावर नोंदणी करून विषुवांश आणि क्रांती (आकाशातील स्थान सांगणारे दोन आकडे) दिल्यास त्या ठिकाणचे गेल्या कित्येक वर्षांचे मापन मिळते, आणि जेथे काहीही दिसले नाही अशा रात्रीही त्यात असतात. प्रकाश मायक्रोजान्स्की या एककात दिलेला असतो. प्रत काढण्यासाठी त्याच्या दशमान लॉगॅरिदमला २.५ ने गुणून तो गुणाकार २३.९ मधून वजा करावा. या यादीतील ऋण आकडे पाहून अनेकजण ते गाळून टाकतात. तसे करू नये. बिंदू नसताना मापन शून्याच्या दोन्ही बाजूंना हेलकावत असते, आणि फक्त धन आकडे ठेवले तर जेथे काहीच नव्हते तेथे मंद वस्तू असल्याचा भास निर्माण होतो. एका रात्रीची मापने त्रुटींचा भार लावून, म्हणजे कमी त्रुटीच्या मापनाला अधिक वजन देऊन, एकत्र करावीत. मगच त्यांचे प्रतीत रूपांतर करावे.

शेवटची रिकामी रात्र आणि पहिली दिसलेली रात्र यांतील अंतर फार बोलके असते. एक-दोन दिवसांत अनेक प्रतींनी उजळून साधारण आठवड्याभरात निवळणारा निळसर बिंदू बहुधा श्वेत बटूभोवतीच्या (मृत ताऱ्याच्या दाट गाभ्याभोवतीच्या) वायूच्या चकतीचा उद्रेक असतो, आणि त्याच जागी वर्षांपूर्वीचे असेच उद्रेक सापडले तर शंका उरत नाही. दीर्घिकेच्या केंद्रापासून बाजूला, तीन आठवड्यांहून कमी काळात शिखर गाठणारा आणि नंतर उतरणारा बिंदू वर्ग १ए चा (श्वेत बटूच्या स्फोटाचा) अतिनवतारा असू शकतो. शिखरानंतर सुमारे शंभर दिवस जवळपास सपाट राहणारा आलेख हायड्रोजनयुक्त महाताऱ्याच्या स्फोटाकडे बोट दाखवतो. बिंदू नेमका दीर्घिकेच्या केंद्रावर असेल तर घाई करू नये: तेथील कृष्णविवराभोवतीच्या वायूचा प्रकाश पूर्वीपासून अनियमितपणे कमीजास्त होत असेल, तर ते सक्रिय केंद्रकाचे नेहमीचे वागणे असते.

नियमित आवर्तन दिसत असेल तर आवर्तकाल शोधून आलेख त्यावर दुमडून, म्हणजे सर्व आवर्तने एकावर एक ठेवून, पाहावा. एकाच ठिकाणाहून दर रात्री साधारण एकाच वेळी टिपलेल्या मापनांत दिवसाच्या लयीमुळे खोटे आवर्तकाल निर्माण होतात, उदाहरणार्थ, ०.६ दिवसाचे खरे आवर्तन १.५ दिवसांचे भासू शकते. म्हणून वेगवेगळ्या रेखांशांवरील सर्वेक्षणांची मापने एकत्र पाहावीत, मात्र त्यांचे फिल्टर (ठरावीक रंगाचाच प्रकाश येऊ देणाऱ्या काचा) वेगळे असल्याने ती जशीच्या तशी मिसळू नयेत. ग्रहणकारी जोडताऱ्यांच्या बाबतीत संगणक अनेकदा खऱ्याच्या निम्मा आवर्तकाल देतो, तेव्हा दुप्पट काळावर दुमडून दोन ग्रहणांची खोली वेगळी दिसते का ते तपासावे.

इतके झाल्यावर ती जागा नव्या प्रकाशबिंदूंची अधिकृत नोंद ठेवणाऱ्या ट्रान्झियंट नेम सर्व्हरवर शोधावी. रूपविकारी ताऱ्यांसाठी व्हीएसएक्स ही सूची पाहावी. पहिल्या ठिकाणी नव्या वस्तूच्या नावापुढे 'एटी' ही अक्षरे लागतात, आणि वर्णपटावरून (प्रकाशाचे रंग वेगळे करून केलेल्या मापनावरून) अतिनवतारा सिद्ध झाल्यावरच ती 'एसएन' होतात. केवळ आलेखावरून प्रकार ठामपणे लिहू नये. नोंद कोठेच नसेल आणि बिंदू किमान दोन रात्री दिसला असेल, तर नोंदणीकृत सदस्य म्हणून अहवाल पाठवावा; त्यात विषुवांश, क्रांती, दिनांक, प्रत आणि फिल्टर यांसोबत शेवटच्या रिकाम्या रात्रीची तारीख आणि त्या रात्रीची मर्यादा-प्रतही (दिसू शकणाऱ्या सर्वांत मंद बिंदूची प्रत) भरावी.