एनएफएल ड्राफ्ट: संघ बांधताना या चुका टाळा

अमेरिकन फुटबॉलच्या एनएफएल या व्यावसायिक लीगचा ड्राफ्ट दर वर्षी एप्रिलच्या उत्तरार्धात होतो. पहिली फेरी अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील वेळेनुसार गुरुवारी रात्री आठला सुरू होते, त्या वेळी भारतात शुक्रवारचे पहाटेचे साडेपाच वाजलेले असतात. आयपीएलच्या लिलावाला सरावलेल्या प्रेक्षकाला तो पाहताना प्रथम चुकल्यासारखे होते, कारण येथे बोली लागत नाही. महाविद्यालयीन फुटबॉलमधून येणारे खेळाडू ३२ संघ सात फेऱ्यांत आळीपाळीने निवडतात. आदल्या हंगामात जो संघ तळाला राहिला, त्याला साधारणतः सर्वांत आधी निवडता येते, आणि ज्याला वर सरकायचे असेल त्याने आपले इतर क्रमांक, वेळप्रसंगी पुढील वर्षांचेसुद्धा, दुसऱ्या संघाला द्यायचे असतात. पैशाऐवजी क्रमांक हेच चलन असल्यामुळे येथील उधळपट्टी लगेच डोळ्यांत भरत नाही. तिचे दुखणे दोन-तीन हंगामांनी बाहेर येते.

‘या वेळी आमच्या संघाने कोणाला घ्यावे?’ या प्रश्नाचे उत्तर चाहते आणि पुष्कळदा संघांचे व्यवस्थापनही एकाच रीतीने देतात: गेल्या हंगामात जेथे खिंडार पडले तेथे माणूस आणा. बहुतेक चुकांचे मूळ या साध्या वाटणाऱ्या उत्तरात आहे.

गेल्या हंगामाचे खिंडार हीच गरज समजणे

नव्या खेळाडूशी होणारा करार चार वर्षांचा असतो, आणि पहिल्या फेरीतील खेळाडूच्या बाबतीत पाचव्या वर्षाचा पर्याय संघाकडे राहतो. म्हणजे एप्रिलमध्ये निवडलेला मुलगा येत्या सप्टेंबरपेक्षा त्याच्या पुढच्या तीन सप्टेंबरांसाठी अधिक महत्त्वाचा असतो. ग्रीन बे पॅकर्सने २००५ मध्ये २४ व्या क्रमांकावर ॲरन रॉजर्सला घेतले, तेव्हा क्वार्टरबॅकच्या, म्हणजे चेंडू फेकून संघाचे आक्रमण चालवणाऱ्या खेळाडूच्या, जागी त्यांच्याकडे ब्रेट फार्व्ह होता आणि नव्या क्वार्टरबॅकची निकड कोणालाही दिसत नव्हती. रॉजर्स तीन हंगाम बाकावर बसला, २००८ मध्ये संघाची सूत्रे त्याच्या हाती आली आणि २०१० च्या हंगामाअखेर पॅकर्सने सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना, जिंकला.

फिलाडेल्फिया ईगल्सचे २०२० चे वर्ष तर या दृष्टीने पाठ्यपुस्तकात घालावे असे आहे. त्यांना वाइड रिसीव्हरची, म्हणजे पुढे धावून फेकलेला चेंडू झेलणाऱ्याची, तातडी होती, म्हणून २१ व्या क्रमांकावर त्यांनी जेलेन रेगरला घेतले. लगेच पुढच्या क्रमांकावर मिनेसोटा व्हायकिंग्जने जस्टिन जेफरसनला घेतले आणि तो लीगमधील अव्वल रिसीव्हरांपैकी एक ठरला. त्याच ड्राफ्टमध्ये ५३ व्या क्रमांकावर ईगल्सने जेलन हर्ट्स या क्वार्टरबॅकला निवडले. आधीचा क्वार्टरबॅक कार्सन वेन्ट्झ याच्याशी आदल्याच वर्षी मोठा वाढीव करार झालेला असल्यामुळे या निवडीवर चाहते संतापले. निकडीपोटी घेतलेला खेळाडू टिकला नाही; निकड नसताना घेतलेला हर्ट्स फेब्रुवारी २०२५ च्या सुपर बोलचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. एवढ्यावरून गरज मनात आणूच नये असा नियम काढता येणार नाही, परंतु ‘गरज’ या शब्दापुढे ‘कधीची?’ हा प्रश्न लिहून ठेवावा.

खेळाडू उत्तम, पण जागा चुकीची

लीग आणि खेळाडूंची संघटना यांच्यातील २०११ च्या कामगार करारापासून नव्या खेळाडूचा पगार त्याच्या निवडीच्या क्रमांकावरून जवळपास निश्चित होतो. तो कोणत्या जागी खेळतो याला त्यात स्थान नाही. २०१० मध्ये पहिल्या क्रमांकाच्या सॅम ब्रॅडफर्डला सहा वर्षांसाठी ७.८ कोटी डॉलरचा करार मिळाला होता. पुढच्याच वर्षी पहिल्या क्रमांकाच्या कॅम न्यूटनला चार वर्षांचे सुमारे २.२ कोटी मिळाले. खुल्या बाजारात मात्र जागेनुसार भाव आकाशपाताळाएवढे बदलतात. अनुभवी क्वार्टरबॅक, त्याची डावी बाजू राखणारा लेफ्ट टॅकल, प्रतिस्पर्धी क्वार्टरबॅकवर कडेने चालून जाणारा एज रशर, समोरच्या रिसीव्हरला रोखणारा कॉर्नरबॅक आणि वाइड रिसीव्हर हे बाजारात अतिशय महाग असतात, तर चेंडू घेऊन धावणारा रनिंग बॅक त्यांच्या मानाने स्वस्त मिळतो. मग जी वस्तू बाजारात महाग आहे ती ड्राफ्टमधून घ्यावी आणि जी स्वस्त आहे ती बाजारातून आणावी, हा हिशेब घर चालवणाऱ्या कोणालाही पटेल. पगारमर्यादेत बसवून ५३ जणांचा संघ उभा करणे हे शेवटी घर चालवण्यासारखेच काम आहे.

न्यूयॉर्क जायंट्सने २०१८ मध्ये दुसऱ्याच क्रमांकावर सेक्वॉन बार्कली या रनिंग बॅकला घेतले. खेळाडूच्या पारखीत त्यांची काहीही चूक झाली नव्हती. बार्कली त्या वर्षीचा सर्वोत्तम नवोदित आक्रमक खेळाडू ठरला. तरीही संघाने ५ सामने जिंकले आणि ११ गमावले, कारण त्याच्यापुढे वाट मोकळी करणारी ऑफेन्सिव्ह लाइन, म्हणजे क्वार्टरबॅकपुढे भिंतीसारखे उभे राहणारे पाच जण, दुबळी होती आणि क्वार्टरबॅक ईलाय मॅनिंग ३७ वर्षांचा झाला होता. गंमत अशी, की त्याच ड्राफ्टच्या शेवटच्या फेरीत, २३३ व्या क्रमांकावर, ईगल्सने जॉर्डन मायलाटा नावाच्या ऑस्ट्रेलियन धिप्पाड तरुणाला घेतले. तो रग्बी लीग खेळत आलेला होता. अमेरिकन फुटबॉलचा एकही सामना त्याने तोवर खेळलेला नव्हता. त्याला शिकवायला वेळ होता, शिकवणारे प्रशिक्षक होते, आणि पुढे तोच त्यांचा लेफ्ट टॅकल झाला. या दोन निवडींची गाठ नंतर पडणार होती.

भिंत आधी की क्वार्टरबॅक आधी, हा वाद जुना आहे. माझे मत असे, की क्वार्टरबॅक उपलब्ध असेल तर त्याला सोडू नये, पण त्याला उघड्यावरही टाकू नये. ह्यूस्टन टेक्सन्स या नव्या संघाने २००२ मध्ये पहिल्या क्रमांकावर डेव्हिड कार या क्वार्टरबॅकला घेतले आणि पहिल्याच हंगामात तो ७६ वेळा चेंडूसह जमिनीवर आपटला गेला. हा एका हंगामातील विक्रम आहे. अशा माऱ्यानंतर त्या मुलात मुळात किती गुण होते, हे ठरवणेच अशक्य होऊन बसते.

एका खेळाडूसाठी सगळी पुंजी लावणे

ही सर्वांत महागडी चूक आहे, आणि ती सर्वांत हुशार माणसांकडून होते. १९९९ मध्ये न्यू ऑर्लिन्स सेंट्सचे प्रशिक्षक माइक डिटका यांनी रिकी विल्यम्स या एका रनिंग बॅकसाठी त्या वर्षीचे आपले सर्व क्रमांक आणि शिवाय पुढील वर्षीचे पहिल्या व तिसऱ्या फेरीचे क्रमांक वॉशिंग्टनला देऊन टाकले. त्या ड्राफ्टमध्ये सेंट्सच्या वाट्याला एकच खेळाडू आला. हंगामात ३ विजय, १३ पराभव पदरी पडले आणि डिटका यांची नोकरी गेली.

अशा सौद्यांत भाव ठरवायला एक तक्ता वापरला जातो. तो १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला जिमी जॉन्सन यांच्या डॅलस काउबॉइजने बनवला. त्यात पहिल्या क्रमांकाला ३००० गुण, दुसऱ्याला २६००, तर ३२ व्याला ५९० गुण आहेत. हा तक्ता क्रमांकाची बाजारातील किंमत सांगतो. खेळाडू किती चांगला निघेल हे सांगत नाही, आणि घोळ तेथेच होतो. केड मॅसी आणि रिचर्ड थेलर या अभ्यासकांनी अनेक वर्षांच्या ड्राफ्टचा हिशेब मांडला, तेव्हा असे दिसले, की एकाच जागेवर खेळणाऱ्या, लागोपाठ निवडलेल्या दोन खेळाडूंपैकी आधी निवडलेला अधिक चांगला निघण्याची शक्यता साधारण ५२ टक्के असते. नाणेफेकीपेक्षा जेमतेम बरे. निवड इतकी बेभरवशाची असेल तर एका चिठ्ठीला सर्वस्व देण्यापेक्षा अधिक चिठ्ठ्या उचललेल्या बऱ्या.

शिकागो बेअर्सने २०१७ मध्ये तिसऱ्या क्रमांकावरून दुसऱ्यावर, म्हणजे एकच पायरी चढण्यासाठी, सॅन फ्रान्सिस्कोला आणखी तीन क्रमांक दिले आणि मिचेल ट्रुबिस्की या क्वार्टरबॅकला घेतले. पुढे अव्वल ठरलेला क्वार्टरबॅक पॅट्रिक महोम्स दहाव्या क्रमांकापर्यंत शिल्लक होता. मात्र कॅन्सस सिटी चीफ्ससुद्धा २७ व्या क्रमांकावरून दहाव्यावर चढले होते आणि त्यासाठी त्यांनीही पुढील वर्षीचा पहिल्या फेरीचा क्रमांक मोजला होता. तेव्हा वर चढणे हाच गुन्हा म्हणता येत नाही. चीफ्सकडे ॲलेक्स स्मिथ हा अनुभवी क्वार्टरबॅक होता आणि प्लेऑफपर्यंत पोहोचणारा संघ होता, त्यामुळे महोम्सला वर्षभर शांतपणे शिकू देणे त्यांना परवडले. घाईत असलेल्या संघाकडे नेमकी हीच सवड नसते. सॅन फ्रान्सिस्कोने २०२१ मध्ये तिसऱ्या क्रमांकासाठी तब्बल तीन वर्षांचे पहिल्या फेरीचे क्रमांक आणि तिसऱ्या फेरीचा एक क्रमांक मोजून ट्रे लान्स या क्वार्टरबॅकला घेतले. तो त्यांच्याकडून चारच सामन्यांत सुरुवातीपासून खेळला. त्यांचा क्वार्टरबॅक निघाला तो २०२२ च्या ड्राफ्टमधील अगदी शेवटचा, २६२ वा खेळाडू ब्रॉक पर्डी.

घड्याळावर आणि टेपवर विसंबणे

ड्राफ्टपूर्वी इंडियानापोलिसमध्ये ‘कम्बाइन’ नावाची चाचणी होते. तेथे ४० यार्डांची धाव, उड्या, २२५ पौंडांचे वजन किती वेळा उचलता येते, अशी मापे घेतली जातात. ही मापे खोटी नसतात; ती केवळ दुसऱ्याच प्रश्नाची उत्तरे असतात. १९९५ मध्ये माइक मामुला या बचावपटूने या कसरतींचीच खास तयारी केली आणि सर्वांचे डोळे दिपवले. ईगल्स त्याच्यासाठी बाराव्या क्रमांकावरून सातव्यावर चढले. जो बारावा क्रमांक त्यांनी टॅम्पा बेला दिला, त्यावर टॅम्पाने वॉरन सॅपला घेतले, आणि सॅप आज हॉल ऑफ फेम या थोर खेळाडूंच्या मानाच्या यादीत आहे. मामुला वाईट खेळाडू नव्हता, पाच हंगाम खेळलाही. पण हातचा सॅप सोडून त्याच्यामागे धावावे एवढा तो मोठा नव्हता. उलट टोकाला क्वार्टरबॅक टॉम ब्रेडी: २००० मध्ये ४० यार्डांसाठी ५.२८ सेकंद घेणारा, काटकुळा, १९९ व्या क्रमांकावर निवडलेला आणि पुढे सात सुपर बोल जिंकणारा.

कम्बाइनमधील खरी मोलाची गोष्ट म्हणजे वैद्यकीय तपासणी, आणि तिचाही अर्थ लावावा लागतो. लँडन डिकरसनच्या गुडघ्याला महाविद्यालयाच्या अखेरच्या हंगामात दुखापत झाली होती, म्हणून तो २०२१ मध्ये दुसऱ्या फेरीपर्यंत, ३७ व्या क्रमांकापर्यंत घसरला. ईगल्सने त्याला घेतले आणि मायलाटाच्या शेजारी उभे केले.

प्रत्यक्ष दिवशी होणारा गोंधळ

हा भाग थोडक्यात. निवडीला ठरावीक मिनिटे मिळतात आणि ती संपली, की पुढचा संघ तुमच्या आधी खेळाडू उचलू शकतो. २००३ मध्ये व्हायकिंग्ज सातव्या क्रमांकाच्या अदलाबदलीविषयी बाल्टिमोरशी फोनवर बोलत राहिले, सौदा वेळेत नोंदवला गेला नाही, आणि जॅक्सनव्हिल व कॅरोलायना या दोन संघांनी त्यांच्या डोळ्यांदेखत आपापल्या निवडी करून टाकल्या. व्हायकिंग्जला नवव्या जागी केव्हिन विल्यम्स मिळाला आणि तो उत्तम निघाला, हे त्यांचे नशीब. सौदा फिसकटला तर कोणाचे नाव द्यायचे, हे घड्याळ सुरू होण्यापूर्वी कागदावर लिहिलेले असावे.

चूक झाल्यावर ती जपत बसणे

ॲरिझोना कार्डिनल्सने २०१८ मध्ये वर चढून दहाव्या क्रमांकावर जॉश रोझेन या क्वार्टरबॅकला घेतले आणि वर्षभरात त्यांचे मत बदलले. २०१९ मध्ये पहिला क्रमांक हाती येताच त्यांनी कायलर मरे या दुसऱ्या क्वार्टरबॅकला घेतले आणि रोझेनला मायामीकडे धाडून दुसऱ्या फेरीचा क्रमांक मिळवला. लोक हसले, पण तोटा एका वर्षाच्या आत थांबला.

जायंट्सचे उदाहरण याच्या नेमके उलटे आहे. २०१९ मध्ये सहाव्या क्रमांकावर घेतलेल्या डॅनियल जोन्स या क्वार्टरबॅकविषयी त्यांना स्वतःलाच खात्री नव्हती, म्हणून २०२२ मध्ये त्यांनी पाचव्या वर्षाचा पर्याय नाकारला. पुढे एका बऱ्या हंगामावर भाळून मार्च २०२३ मध्ये त्यांनी त्याच जोन्सशी चार वर्षांसाठी १६ कोटी डॉलरचा करार केला. बार्कलीला त्या वर्षी दीर्घ करार मिळाला नाही आणि २०२४ मध्ये तो मुक्त होऊन ईगल्सकडे गेला. मायलाटा आणि डिकरसन यांच्यामागून धावत त्याने त्या हंगामात २००५ यार्ड कापले. २० ऑक्टोबर २०२४ रोजी तो आपल्या जुन्या मैदानावर परतला, १७६ यार्ड धावला, ईगल्सने सामना २८-३ असा जिंकला, आणि चौथ्या सत्रात जायंट्सने जोन्सला बाकावर बसवले. नोव्हेंबरमध्ये त्यांनी त्याला करारमुक्त केले.